जुनी ४११ विकून नवी ४५० घ्यावी का?

प्रश्न : दादा, नमस्कार. माझ्याकडे २०१९ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ आहे. ४६ हजार किलोमीटर झालेत. इंजिनानं कधी दगा दिला नाही. पण आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी एकामागून एक नवी हिमालयन ४५० घेतली आणि तेव्हापासून मी कायम शेवटी असतो. मी पोचतो तेव्हा ते थांब्यावर हेल्मेट काढून आरामात बसलेले असतात. कच्च्या रस्त्यावरही तेच. शिवाय हल्ली खड्ड्यातून गेलं की पुढून टक्‌ टक्‌ आवाज येतो, हँडल जड लागतं, ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते. मागच्या महिन्यात मित्राची ४५० दहा मिनिटं चालवली. काय पिकअप आहे दादा! परत माझ्या गाडीवर बसलो तर ट्रॅक्टरवर बसल्यासारखं वाटलं. मित्र म्हणतात, ऑफ-रोड शिकायचं असेल तर ४११ वर वेळ घालवू नकोस. नवीत राइड मोड आहेत, मागचं एबीएस बंद करता येतं, गोल स्क्रीनवर नकाशा दिसतो. माझी उंची ५ फूट ५ इंच. वर्षाला एक मोठी ट्रिप आणि दोन-तीन छोट्या होतात, त्यात बहुतेक हायवे आणि शेवटचा पट्टा कच्चा. पूर्वी बायको बरोबर यायची, आता म्हणते तूच जाऊन ये, माझे पाय बधिर होतात. थोडे पैसे साठवलेत, बाकीसाठी कर्ज काढावं लागेल. पण माझी पहिली मोठी ट्रिप याच गाडीवर झाली, विकायचं म्हटलं की पोटात कालवतं. काय करू?
— शेवटचा गडी

उत्तर : नमस्कार. तुम्ही बऱ्याच तक्रारी एकाच दावणीला बांधल्यात, त्यामुळे सगळ्यांवर उपाय एकच दिसतोय, नवी गाडी. त्या आधी सोडवून घेऊ. कारण त्यातल्या निम्म्या ४११ या मॉडेलच्या नाहीतच, तुमच्या ४११ च्या आहेत. सहा-सात वर्षं वापरून थकलेली गाडी आणि नुकतीच शोरूममधून निघालेली गाडी यांची दहा मिनिटांत तुलना केली तर निकाल काय लागणार, हे सांगायला मी कशाला हवा?

पुढच्या टक्‌ टक्‌पासून सुरुवात करतो. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागे कॅरिअरवर भार द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून उचललं जाईल. आता समोर उकिडवे बसा. दोन्ही हातांनी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, खालून, अॅक्सलच्या जवळ, धरा आणि पुढे-मागे हिसका द्या. हाताला बारीकसा 'टक' जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मग हँडल एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अगदी सावकाश, एका बोटानं फिरवा. बरोबर मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या वाटीला खड्डे पडलेत. मग नुसतं आवळून भागत नाही, कोनसेट बदलावाच लागतो. हँडल जड लागण्याचं कारणही बहुधा इथेच निघेल. मेकॅनिक 'आवळून देतो साहेब' म्हणाला आणि दोन महिन्यांत आवाज परत आला, असं अनेकांचं होतं, कारण खड्डे पडलेलं बेअरिंग आवळलं की आवाज जातो, पण हँडल आणखी जड होतं.

नाक खुपसण्याचं कारण त्याच्याच खाली आहे. फोर्कमधलं तेल शेवटचं कधी बदललं? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे मी 'कधीच नाही' असं धरून चालतो. इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, कारण त्याची नोंद सर्व्हिसच्या पुस्तकात होते. फोर्क ऑइलकडे सील गळून नळीवर चिकट रेघ दिसेपर्यंत कुणी बघत नाही. ते तेल वापरानं पातळ होतं, त्यात धातूची बारीक पूड मिसळते, आणि मग स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालणारं काही उरत नाही. ब्रेक दाबला की पुढचा भाग एकदम बसतो आणि खड्ड्यानंतर दोनदा उसळतो. तेल आणि सील बदला. स्प्रिंग मोजून बघायला सांगा, बसल्या असतील तर त्याही बदला. मागच्या मोनोशॉकला (मागच्या एकुलत्या शॉकला) चाकाशी जोडणाऱ्या लिंकेजमधले बुश आणि बेअरिंग त्याच वेळी उघडून ग्रीस करून घ्या. चिखलपाण्यातून गेलेल्या गाडीत तिथे ग्रीसऐवजी बऱ्याचदा लाल गंज सापडतो.

पिकअपचंही थोडं तसंच आहे. ४६ हजारांवर एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट), थ्रॉटल बॉडीची सफाई आणि क्लच प्लेट हे सगळं नीट बघितलं गेलं असेल तर गाडीला जी ओढ असायला हवी ती असेल. चेन-स्प्रॉकेट झिजलं असेल तर गाडी झटके देत चालते आणि आपण दोष इंजिनाला देतो. या सगळ्याला जो खर्च येईल तो नव्या गाडीच्या खर्चाचा अगदी लहानसा हिस्सा असेल, आणि विकायची ठरली तरी तो पूर्णपणे वाया जाणार नाही. चाचणीला बसलेला ग्राहक पहिल्या खड्ड्यातला आवाज ऐकतो आणि तिथूनच घासाघीस सुरू करतो.

आता दोन्ही मॉडेलचं. ४११ चं इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं, साधारण २४ अश्वशक्तीचं आणि ३२ न्यूटन-मीटर टॉर्कचं (टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर), गिअर पाच. ४५० चं इंजिन ४५२ सीसीचं, पाण्यावर थंड होणारं, साधारण ४० अश्वशक्ती आणि ४० न्यूटन-मीटर, गिअर सहा. वजनात फरक जवळपास शून्य. तुमची २०० किलोच्या आसपास, नवी १९६. म्हणजे तेवढंच वजन ओढायला दीडपटीहून जास्त ताकद. मित्राच्या गाडीवर तुम्हाला जे जाणवलं तो भास नव्हता.

पण ही ताकद कुठे लागते ते बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. ८० वरून ११० वर गेलात की निव्वळ हवा बाजूला सारायलाच अडीचपटीहून जास्त ताकद खर्च होते. त्यात मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर चढ असेल तर ४११ चं पाणी तिथेच जोखलं जातं. ती ११० ला पोचते, पण तिथे तिच्याकडे शिल्लक काही राहत नाही, ओव्हरटेकसाठी तर नाहीच. ८०-९० ला मात्र दोन्ही गाड्या सारख्याच सुखात चालतात. थांब्यावर तुम्ही उशिरा पोचता त्याचं कारण हे आहे. ते ११०-१२० नं जातात, तुम्ही ९० नं. दिवसाअखेर फरक किती पडतो ते तुम्हीच मोजा. थांबे, पेट्रोल आणि रस्त्यात लागणारी गावं धरून तो वाटतो त्यापेक्षा कमी निघेल. आणि नव्या गाडीवर तुम्ही खरंच १२० नं जाणार आहात का, हा प्रश्न स्वतःला विचारा. ग्रुपबरोबर राहायला हवं एवढ्यासाठी जात असाल तर ग्रुपच्या वेगाबद्दल आधी बोलायला हवं. सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवणारे ग्रुप असतात, आणि त्यांच्या ट्रिपा काही वाईट होत नाहीत.

ऑफ-रोडबद्दल तुमच्या मित्रांचं म्हणणं मला अर्धवट पटतं. पुढचं चाक दोन्हीला २१ इंची, मागचं १७ इंची. पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास दोन्हीत २०० मिलिमीटर, मागचा तुमच्या गाडीत १८० आणि नवीत २००. ग्राउंड क्लिअरन्स २२० चा २३० झालाय. नवीचं सस्पेन्शन दर्जानं चांगलं आहे, पुढे उलटे फोर्क आहेत, मार लागल्यावर ती जास्त सावरून राहते, हे खरं. पण दगडांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वाट काढायची असेल तर तुम्ही ज्याला ट्रॅक्टर म्हणालात तोच गुण कामाला येतो. ४११ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, लांब आहे, ७८ मिलिमीटर बोअरला (सिलिंडरच्या रुंदीला) ८६ मिलिमीटर. सगळा टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमच्या आसपास हाती येतो, आणि त्याच्याही बऱ्याच खाली गाडी बंद न पडता ढकलत राहते. ४५० चा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५. तिचा टॉर्क ५,५०० ला पूर्ण होतो. तिला थोडी फिरती ठेवावी लागते, खाली गेलं की क्लचशी खेळावं लागतं. सराईत माणसाला यात काहीच अडचण नाही, उलट मजा आहे. पण जो शिकतोय, ज्याचं निम्मं लक्ष पुढच्या दगडावर आणि निम्मं स्वतःच्या पायावर आहे, त्याला थ्रॉटलची चूक माफ करणारी गाडी बरी. ती तुमच्याकडे आहे.

मागच्या एबीएसचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि ऑफ-रोडच्या सगळ्या युक्तिवादांत तोच खरा वजनदार आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. डांबरावर हे जीव वाचवतं. सैल खडीच्या उतारावर मात्र मागचं चाक जरा लॉक होऊन खडीत रुतलं तरच वेग मरतो. एबीएस दर वेळी ब्रेक सोडून देतं, लिव्हर पायाखाली थरथरत राहतो आणि गाडी आपली खाली निघालेली असते. पहिल्यांदा हे होतं तेव्हा ब्रेक फेल झाला असंच वाटतं. ४११ मध्येच २०२० च्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) आवृत्तीत मागचं एबीएस बंद करायची सोय आली. तुमची २०१९ ची, म्हणजे एका वर्षानं चुकली. यावर फ्यूज काढायची एक युक्ती कुणीतरी सुचवेल. करू नका. त्यानं पुढचंही एबीएस जातं, आणि डांबरावर आल्यावर तो फ्यूज परत बसवायचा राहतो. उतार सुरू व्हायच्या आधीच पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. ४११ चं इंजिन ब्रेकिंग चांगलं आहे. तुमच्या वापरात, म्हणजे दिवसाच्या शेवटी थोडासा कच्चा पट्टा, एवढं पुरतं. तुम्ही दर आठवड्याला डोंगर उतरत असता तर मी वेगळं बोललो असतो.

कच्च्यात मागे पडण्याचं मोठं कारण टायर असणार. त्यांवर नक्षी किती उरलीये, आणि हायवेचीच हवा ठेवून तुम्ही खडीत शिरता का? थोडी हवा कमी केली की फरक लगेच कळतो. फार कमी करू नका, तुमच्या गाडीत ट्यूब आहे आणि दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये सापडून ती दोन ठिकाणी फाटते. बाकी सगळं सरावाचं. फूटपेगवर उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल ठेवायचे, नजर चाकासमोर न ठेवता लांब टाकायची. एका रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगानं आठाचा आकडा काढत बसा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानं जे येतं ते राइड मोडनं येत नाही. नव्या गाडीचे मोड इंजिनाची ओढ आणि मागचं एबीएस एवढंच बदलतात, चालवणारा तोच राहतो.

स्क्रीनबद्दल मी फार बोलणार नाही. नकाशा हँडलवरच्या फोनमध्येही दिसतो, आणि गोल स्क्रीनलाही तो फोनच पुरवतो.

'माझी जुनी गाडी साधी आहे, कुठेही दुरुस्त होते' असंही तुमच्या मनात असेल. ग्रुपमध्ये हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. ते निम्मं खरं आहे. टॅपेट स्क्रूचे आहेत, फीलर गेज (फट मोजायची पट्टी) आणि पाना असला की झाडाखाली बसून सेट होतात. रेडिएटर नाही, कूलंट नाही. थ्रॉटलला तार आहे. ४५० मध्ये चार व्हॉल्व्हचं डबल कॅम इंजिन आणि राइड-बाय-वायर (तारेऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल), म्हणजे घरगुती दुरुस्तीचा वाव बराच कमी. पण तुमची २०१९ ची गाडीही फ्युएल इंजेक्शनचीच आहे. सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तिच्यातही आहेत, आणि पंप गेला तर झाडाखाली बसून तुम्हीही काही करू शकणार नाही. तेव्हा साधेपणाच्या प्रेमात पडून जुनी ठेवू नका, आणि नव्याच्या धाकानं नवी नाकारू नका.

जाता जाता एक सांगतो, ताकदीच्या आकड्यांनी भारावून जायला होतं म्हणून. या जातीच्या गाड्यांची सुरुवात जिच्यापासून मानतात त्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस ला १९८० मध्ये ५० अश्वशक्ती होती. पुढच्याच वर्षी त्याच गाडीच्या स्पर्धेसाठी तयार केलेल्या रूपावर ह्युबर्ट ऑरिओल पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकला. त्याच घराण्यातल्या २०२३ च्या आर १३०० जीएस ला १४५ अश्वशक्ती आहे. मधल्या काळात वाळवंट काही तिपटीनं अवघड झालं नाही.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे येतो, जी तुम्ही उंची आणि कर्ज यांच्या मध्ये कुठेतरी टाकून दिलीत. 'बायको म्हणते तूच जाऊन ये, माझे पाय बधिर होतात.' माझ्या मते तुमचा सगळा निर्णय या ओळीवर आहे, आणि नवी गाडी घेण्याचं खरंखुरं कारण असेल तर तेही इथेच आहे. तुमच्या ट्रिपा बहुतेक हायवेच्या. त्यात दोघं, त्यात सामान. म्हणजे ४११ नेमकी जिथे कमी पडते तिथे तुम्ही तिला दिवसभर ठेवता. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल नाही, पुढचं दिसत नाही, हादरे मात्र सगळे मिळतात. वहिनींनी इतके दिवस काढले हेच खूप झालं.

पण बधिरपणाचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींवर औषध वेगळं आहे. एक थरथरीचा. यात तळव्यांना मुंग्या येतात, वेग वाढला की वाढतात, वेग उतरवला की थोड्या वेळात कमी होतात. सिंगल सिलिंडर इंजिन वरच्या आरपीएमला सतत ताणलं की हे होतं, आणि पाचच गिअर असल्यामुळे ४११ ला हायवेवर ताणावंच लागतं. ४५० ला इथे जास्त ताकद आणि सहावा गिअर दोन्ही कामाला येतात. दुसरा प्रकार बसण्याचा. गुडघे फार वळलेले, सीट कडक किंवा पुढे उतरती, मांडीखालची नस दबलेली. यात वेगाचा संबंध नसतो, ठरावीक वेळ झाला की पाय जातोच, मग गाडी ६० नं जावो की शंभरनं. हा दुसरा प्रकार असेल तर ४५० घेऊनही पाय तसाच बधिर होऊ शकतो. त्यापेक्षा जुन्या गाडीची मागची सीट चांगल्या फोमनं बांधून घेणं, फूटपेग थोडे खाली घेणं आणि दर तासाला उतरणं यानं जास्त फरक पडेल.

कोणता प्रकार आहे हे शोधणं अवघड नाही. आधी सांगितलेली सगळी कामं करून घ्या. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, दोघांच्या वजनाला धरून वाढवा; एकट्याच्या सेटिंगवर दोघं बसलात की मागचा भाग बसतो आणि प्रत्येक खड्डा मागच्याच्या कण्याला लागतो. मग वहिनींना विनंती करून एकदा बरोबर न्या. एक तास ८० नं, मग विश्रांती, मग एक तास जमेल तितकं शंभरच्या आसपास. कुठल्या तासात काय झालं ते त्यांना विचारा, आणि आधी काही सुचवू नका. 'आता बरं वाटतंय ना?' असं विचारलंत की उत्तर तुमच्या तोंडाकडे बघून येईल.

त्यानंतर ४५०. मित्राची दहा मिनिटं पुरेशी नाहीत. दहा मिनिटांत फक्त पिकअप कळतो, आणि पिकअपची सवय आठवडाभरात होते. मित्राकडून एक अख्खा दिवस मागा किंवा भाड्यानं मिळत असेल तर दोन दिवस घ्या. दोघं बसा, बॅगा लावा, तुमचा नेहमीचा हायवे आणि नेहमीचा कच्चा पट्टा करा. इथे तुमची उंची मध्ये येते. ४११ ची सीट ८०० मिलिमीटर उंच, ४५० ची ८२५ आणि वरच्या सेटिंगला ८४५. कमी उंचीची वेगळी सीट घेतली तर ८०५ पर्यंत येते. एकट्यानं सपाट जमिनीवर २५ मिलिमीटर काहीच नाहीत. पण वहिनी बॅगांवरून पाय टाकून मागे चढतायत, जमीन एका बाजूला उतरती आहे आणि तुमच्या उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलाय, तेव्हा ते २५ मिलिमीटर चांगलेच कळतात. बहुतेक गाड्या वेगात पडत नाहीत, अशाच उभ्या उभ्या पडतात. म्हणून त्यांना दहा वेळा चढ-उतार करायला लावा, तेही उतरत्या जमिनीवर. त्या वैतागतील. पण वैताग शोरूमच्या आधी झालेला बरा.

कर्जाचं थोडक्यात. मला हप्त्यावर छंद करणं आवडत नाही, हा माझा स्वभाव समजा. पण हिशेबही थांबण्याच्याच बाजूनं आहे. गाडीची किंमत पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात जास्त पडते, मग उताराचा वेग कमी होतो. तुमच्या गाडीची घसरण बहुतेक होऊन गेलीये, आणखी एक वर्ष ठेवलीत तर फार तोटा नाही. नवीची मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. शिवाय गाडीच्या किमतीवर रॅक, क्रॅश गार्ड, बॅगांचे ब्रॅकेट, हेडलाइटची जाळी हे सगळं परत, कारण दोन्हींची चेसिस वेगळी आणि जुन्यातलं जवळजवळ काहीच नवीला बसत नाही. वर्षभर थांबून कर्जाचा आकडा कमी करता येत असेल तर करा. नवं मॉडेल उशिरा घेण्यात एक फायदाही असतो. ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा स्पोकची चाकं ट्यूबचीच होती, ट्यूबलेस स्पोक २०२४ मध्ये मिळायला लागले. ज्यांनी पहिल्या लाटेत घेतली त्यांच्यातले कितीतरी अजून रस्त्याकडेला ट्यूब बदलतायत. तुमच्या तिघांत कुणी आहे का, विचारून बघा.

माझा सल्ला असा. आज विकू नका. पुढचा भाग, टायर, चेन, टॅपेट एवढं करून घ्या आणि निदान एक मोठी ट्रिप त्यावर करा. वहिनींचा बधिरपणा थरथरीचा निघाला, ४५० वर दिवसभर बसून त्या 'हिच्यावर येईन' म्हणाल्या, आणि चढताना-उतरताना तुमचा पाय भक्कम टेकला, तर खुशाल घ्या. मग ती गाडी दोघांच्या हायवेसाठी घेतलीये हे लक्षात ठेवून घ्या, म्हणजे खर्च उंच मडगार्ड आणि स्टिकरवर न होता चांगली सीट, मागे टेकायला पाठ आणि ट्यूबलेस चाकं यांवर होईल. त्या 'नाही' म्हणाल्या किंवा बधिरपणा बसण्याचा निघाला, तर ४११ ठेवा. एकट्यानं ८०-९० नं जाऊन कच्चं शिकायला तिच्यात काहीही कमी नाही. नवी आल्यावर ४११ बनवणं थांबलं, पण इतक्या खपलेल्या गाडीचे सुटे भाग एकदम नाहीसे होत नाहीत.

पोटात कालवतं म्हणालात ते मी समजू शकतो. फक्त त्यापायी दोन्ही ठेवण्याच्या फंदात पडू नका. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी बॅटरी, टायर आणि टाकीतलं पेट्रोल तिन्ही खाते, आणि दोन वर्षांनी तुम्ही तिला पडेल त्या भावाला काढता. विकायचीच वेळ आली तर वर्षभर ती नीट सांभाळलेल्या, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेल्या अवस्थेत विका. आणि रॅक-गार्ड काढून वेगळे विकू नका. सुट्या रॅकला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. गाडीवर लावलेला असला की पहिली ४११ शोधणारा नवखा रायडर आधी त्याच गाडीकडे वळतो.